दावणीचे बारा महिने

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात साखरा नावाचे गाव आहे. त्या गावातल्या एका घरच्या गोठ्याची हकिगत आज आपणांस सांगायची आहे. घर तसे लहानच. म्हातारे आईवडील, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी दोन लेकरे. जमीन सहा एकर, थोडी काळी, थोडी बरड. दावणीला दोन म्हशी, एक लाल कंधारी गाय, बैलजोडी, एक वगार आणि एक वासरू. घराचे नाव सांगत नाही, आणि सांगायचे कारणही नाही. असले गोठे मराठवाड्यात गावोगाव आहेत. ऐकताना कुणाला वाटले की हा आपल्याच घराविषयी बोलतो आहे, तर खुशाल वाटू द्यावे.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. आमच्या विषयाला एक खोड आहे. समोर काहीही दिसले की त्याचा जमाखर्च मांडावासा वाटतो. म्हणून या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सरळ विचारले, दुधाचा धंदा परवडतो का? म्हातारबुवा म्हणाले, "कशाचं परवडतंय सर! ढेपीचं पोतं आणावं तर दुधाचा पगार तिथंच जातो." सून चुलीपुढे बसली होती. तिने मान वर न करता म्हटले, "परवडत नाही तर लेकराच्या फिया कशातून जातात?" दोघांचेही खरे होते. एकाच गोठ्याचे हे दोन हिशेब कसे निघतात, ते पाहायचे तर त्या गोठ्याचा दिवस आणि वर्ष दोन्ही नीट पाहिली पाहिजेत.

आमच्याकडे शेतातल्या गोठ्याला आखाडा म्हणतात. पुण्याकडच्या माणसाला आखाडा म्हटले की लाल माती आणि पहिलवान आठवतात. आमच्या आखाड्यात गुरे असतात, वैरणीची गंजी असते, अवजारे असतात आणि रात्री राखणीला घरचा एक माणूस असतो. या घरचे म्हातारबुवा तिथेच निजतात. पहाटे चारसाडेचारला म्हशी आपणच उठून दाव्याला हिसके देऊ लागतात, मग घड्याळाची गरज राहत नाही. आधी शेण ओढायचे, मूत वाहून गेलेली जागा झाडायची, ओल्या जागी राख किंवा कोरडी माती टाकायची. तोवर सून घरून येते. ती आंबोण भिजवते. सरकीची ढेप, तुरीची चुनी, थोडा मक्याचा भरडा, मूठभर मीठ आणि खनिज मिश्रण. म्हैस टोपल्यात तोंड घालते, रेडकू सोडले जाते, ते चारही सडांना ढुशा देते, आणि म्हैस पान्हा सोडते.

इथे थोडे थांबू, कारण लिटरभर दूध मिळते की बुडते ते याच वेळी ठरते. पान्हा फुटला की तो पाचसात मिनिटेच टिकतो. तेवढ्यात धार संपली पाहिजे. मध्येच कुणी हाक मारली, कुत्रे भुंकले, धार काढणारीने उठून लेकराला रागावले, की म्हैस उरलेला पान्हा चढवते आणि मग कितीही ओढा, ती देत नाही. म्हणून धारेच्या वेळी ही बाई कुणाशी बोलत नाही. दुसरी गोष्ट हाताची. पुष्कळ घरी अंगठा दुमडून सड ओढतात. त्याने सडाला आतून इजा होते. पूर्ण मुठीने, वरून खाली दाब देत काढलेली धार बरी. धारेनंतर सडाचे तोंड अर्धा तासभर उघडे असते, तेवढ्यात जनावर शेणात बसले तर कासेत जंतू शिरून दगडी होते. म्हणून धार झाल्याबरोबर पुढ्यात वैरण टाकावी. म्हणजे ते खात उभे राहते. फुकटातला हा उपाय आहे आणि तो फार थोडे लोक करतात.

आणखी एक गोष्ट त्या घरी मला वहीत लिहून घ्यावी लागली. संकलन केंद्रावर दुधाचा भाव फॅटवर आणि आपले लोक ज्याला डिग्री म्हणतात त्यावर ठरतो. डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरचा आकडा. स्निग्धांश सोडून दुधात जो घन भाग असतो त्याचा अंदाज त्यावरून काढतात. म्हशीच्या दुधाला सहाच्या वर फॅट लागावी अशी अपेक्षा असते. आता धारेच्या सुरुवातीचे दूध पातळ असते आणि शेवटच्या धारांना सगळ्यांत जास्त फॅट असते. आपण काय करतो? घाईने बरेचसे दूध काढतो आणि शेवटचे रेडकाला सोडतो. रेडकू तृप्त होते, केंद्रावर मात्र फॅट कमी लागते, आणि मग यंत्र खोटे आहे म्हणून भांडण होते. यंत्र कधी खोटे नसतेच असे नाही. पण या सुनेने सुरुवातीचे दूध वासराला पाजून शेवटची धार चरवीत निपटून घेण्याचा क्रम धरला आणि महिनाभरात तिच्या पावतीवरचा आकडा वाढला. वासराच्या पोटाला कमी पडू नये म्हणून ती सुरुवातीचे थोडे जास्त सोडते, एवढेच.

दूध गाळून कॅनमध्ये जाते, मुलगा मोटारसायकलला कॅन बांधून केंद्रावर नेतो. म्हातारीला हे अजून मनातून रुचलेले नाही. तिच्या माहेरी दूध विकणे कमीपणाचे मानत. लोणी काढून तूप विकत, ताक शेजारीपाजारी फुकट जाई. आमच्या भागात ही समजूत पुष्कळ घरांत होती. गुजरातेत आणंदला 1946 साली शेतकऱ्यांनी सहकारी दूधसंघ उभा केला, 1970 साली देशभर दुधाचा महापूर योजना सुरू झाली, आणि आज जगात सर्वांत जास्त दूध आपल्या देशात निघते. पण मराठवाड्याच्या आखाड्यापर्यंत हा पूर उशिरा आणि पातळ होऊन आला. पश्चिम महाराष्ट्रात उसाचे वाढे होते, कालव्याचे पाणी होते, संघ होते. आपल्याकडे होती कोरडवाहू ज्वारी आणि तिचा कडबा. त्या कडब्याकडे मी पुढे येणारच आहे.

केंद्रावरून आल्यावर पाणी पाजणे. एका म्हशीला दिवसाला पन्नाससाठ लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. बोअर चालू असेल तर ठीक. नसेल तर हे पाणी डोक्यावरून येते, आणि ते कुणाच्या डोक्यावरून येते हे सांगायला नको. दुपारी चरायला नेणे, बांधावरचे गवत कापून भारा आणणे, संध्याकाळी पुन्हा शेण, आंबोण, धार, भांडी घासणे. त्या घरच्या पाचवीतल्या मुलीला मी एक वही दिली आणि आठवडाभर घड्याळ पाहून लिहायला सांगितले, गोठ्याचे कोणते काम कुणी किती वेळ केले. बेरीज केली तेव्हा रोजचे सहा तास निघाले. त्यातले साडेतीन तास तिच्या आईचे, तास आजीचा, उरलेले बाप आणि आजोबांचे. म्हातारबुवा वही पाहून म्हणाले, "हे काय काम हाय? हे तर घरचंच हाय." धंदा परवडत नाही असे म्हणताना त्यांनी ढेपीचे पोते धरले होते, सुनेचे साडेतीन तास धरलेच नव्हते. आणि सून धंदा परवडतो म्हणाली, तेव्हा तिनेही ते धरले नव्हते. ते धरले असते तर तिचे उत्तर काय आले असते, ते पुढे पाहू.

आता वर्षाकडे वळू. शेतकऱ्याचे वर्ष पाडव्याला सुरू होते, सालगड्याचे सालही तेव्हाच ठरते. पण गुरांचे वर्ष मृगाला सुरू होते असे मला वाटते. मृगाआधीच, म्हणजे मे महिन्याच्या शेवटी, घटसर्प आणि फऱ्या या दोन रोगांची लस टोचून घ्यायची. पाऊस पडल्यावर, रोग गावात आल्यावर टोचण्यात अर्थ नाही, कारण लस अंगात भिनायला दोनतीन आठवडे लागतात. लाळखुरकुताची लस दर सहा महिन्यांनी सरकारी मोहिमेत येते. गुरांच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला मारतात, त्याला काही लोक अजून भितात. भिण्यासारखे त्यात काही नाही. तो त्या जनावराचा दाखला आहे.

पावसाळ्यात हिरवे भरपूर, पण ते पाणीदार असते. नुसत्या हिरव्यावर जनावर पातळ शेण टाकते आणि दुधाची फॅट उतरते. कडब्याच्या दोन पेंढ्या पावसाळ्यातही पोटात गेल्या पाहिजेत. आणि एक इशारा. पावसाने ताण दिला की ज्वारीचे कोवळे पोंगे आणि कापलेल्या ताटाचे फुटवे यांत विष तयार होते. जनावराने ते खाल्ले की किराळ लागते; दम लागतो, जनावर आडवे पडते आणि तासाभरात संपते. कंबरेच्या वर न गेलेली, सुकलेली ज्वारी जनावरांना चारू नये. या भागात वर्षाआड कुठेतरी असे होते आणि मग करणी केली म्हणून शेजाऱ्याशी वैर धरले जाते. गुरुजींनो, शाळेत हे मुलांना सांगा. मुले ते घरी नेतील आणि गुरांमागे बहुधा तीच असतात.

श्रावणाच्या अमावस्येला पोळा. आदल्या दिवशी खांदेमळणी होते. बैलांच्या खांद्याला तूपहळद चोळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. या घरी बैलांबरोबर म्हशींच्या शिंगांनाही रंग लागतो. म्हातारबुवांना ते पसंत नाही, पण लेकरे ऐकत नाहीत. मला लेकरांचे बरोबर वाटते. ट्रॅक्टर आल्यापासून बैल वर्षातून थोडेच दिवस जुंपले जातात. घराचा रोजचा पैसा म्हशीच्या कासेतून येतो. पुढे आश्विनात वसुबारसेला गायवासराची पूजा होते तेव्हाही म्हैस बिचारी बाजूलाच असते.

2022 सालचा भाद्रपद इथल्या लोकांना आठवत असेल. त्या वर्षी लम्पी आला. गुरांचे बाजार बंद झाले. गाईबैलांच्या अंगावर गाठी, ताप, पायाला सूज, आणि पुष्कळ जनावरे गेली. म्हशींना तो फारसा झाला नाही. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली, कारण ते विषाणू भाऊबंद आहेत. या घरची लाल कंधारी वाचली; तिच्या पुढच्या पायावर अजून गाठीचा वण आहे. लिंबाच्या पाल्याचा धूर आणि हळदीचा लेप यांनी माश्या दूर राहिल्या असतील, जखम सुकली असेल; पण ज्यांनी लस आधी घेतली त्यांची जनावरे जास्त वाचली, हे निर्विवाद आहे. गोचीड, डास, चावणाऱ्या माश्या हा रोग पसरवतात, तेव्हा गोठ्याच्या भिंतीच्या फटी बुजवणे आणि उकिरडा गोठ्यापासून लांब ठेवणे हे औषधाइतकेच मोलाचे.

आता कडबा. आश्विनात सोयाबीन निघते. तीसचाळीस वर्षांपूर्वी याच दिवसांत इकडे खरिपाच्या ज्वारीची कणसे डोलत असत आणि पुढे फाल्गुनापर्यंत रब्बीची ज्वारी निघे. ज्वारी काढली की धान्य घरात आणि कडबा आखाड्यावर. एकाच पिकात माणसाची भाकरी आणि जनावराची वैरण होती. 1964 साली संकरित ज्वारी आली; तिने धान्य वाढवले, ताट मात्र बुटके झाले. तरीही कडबा होता. मग सोयाबीन आले. ते शंभरएक दिवसांत निघते, बाजारात रोख पैसा देते आणि मागून हरभरा घेता येतो. ज्वारीला पाखरे राखावी लागतात, रानडुकरे आणि रोही रात्रीतून वावर झोपवतात, काढणीला मजूर मिळत नाही. या सगळ्याला कंटाळून शेतकऱ्याने ज्वारी सोडली तर त्याला दोष कसा द्यावा? पण सोयाबीनचे भुसकट म्हणजे कडबा नव्हे. ते काटक असते, जनावर निवडून खाते, बाकीचे तुडवते. परिणाम असा की साखऱ्यासारख्या गावात ज्याच्याकडे जमीन आहे त्यालाही कडबा विकत घ्यावा लागतो, आणि तो घेताना पेंढी पहिल्यापेक्षा बारीक बांधलेली असते.

या घरी यावर एक तोड काढली आहे. सहा एकरांतले तीस गुंठे त्यांनी मालदांडी ज्वारीला ठेवले. हिशेब करताना मुलगा म्हणत होता, तेवढ्यात हरभरा जास्त पैसे देईल. मी दोन बाजू मांडून दाखवल्या. नुसते धान्य धरले तर हरभरा जिंकतो. धान्यात कडबा मिळवला, आणि उन्हाळ्यातल्या भावाने तो कडबा विकत घ्यावा लागेल असे धरले, तर ज्वारी पुढे जाते. गुरे नसलेल्याने ज्वारी लावू नये, असेही कुणी म्हणेल. तो ज्याचा त्याचा प्रश्न. ज्याच्या दावणीला चार खुंटे आहेत त्याने मात्र कडब्याचे पैसे ज्वारीच्या खात्यात जमा करायला विसरू नये. कडबाकुट्टी यंत्र असेल तर आणखी बचत. आख्खी पेंढी टाकली तर जनावर पाने खाते आणि बुडखे पायाखाली घालते. कुट्टी केली की सगळे पोटात जाते. भुसकट निकस आहे म्हणून कुणी युरियाची प्रक्रिया करतात. शंभर किलो भुसकटाला चार किलो युरिया, सुमारे पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थराथराने शिंपडून आणि दाबून, वर प्लास्टिक झाकून तीन आठवडे ठेवायचे. काम चोख केले तर चारा मऊ आणि पौष्टिक होतो. पण युरियाचे पाणी उघडे राहिले आणि जनावराने तोंड घातले तर ते दगावते. लहान वासरांना हा चारा घालू नये. गावातल्या पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय पहिल्यांदा करू नये असे माझे मत आहे.

भाद्रपद ते मार्गशीर्ष हे म्हशी विण्याचे दिवस. म्हैस गाभण राहिल्यापासून दहा महिने दहा दिवसांनी विते. गाईचे नऊ महिने नऊ दिवस आपण माणसासारखेच धरतो आणि ते बरोबरही आहे. विण्याआधी दोन महिने दूध बंद करून तिला आटवायची, आणि त्या दोन महिन्यांत रोज किलो-दीड किलो आंबोण जादा द्यायचे. "दूध देत नाही तिला ढेप कशाला?" हा प्रश्न घरोघर विचारतात. त्या दिवसांत पोटातले वासरू सगळ्यांत जास्त वाढते आणि कास पुढच्या वेताची तयारी करते. तेव्हा उपाशी ठेवलेली म्हैस पुढचे सगळे वेत कमी दूध देते.

व्याल्यावर पहिल्या दोन तासांत वासराच्या पोटात चीक गेलाच पाहिजे. आपल्याकडे काही घरी वार पडेपर्यंत वासराला पाजत नाहीत. ही चाल सोडून द्यावी. वासराला रोगाशी झगडण्याची ताकद जन्मतः नसते, ती चिकातून येते, आणि जसजसे तास जातात तसतशी ती शोषून घेण्याची आतड्याची शक्ती कमी होते. खरवस सगळ्यांनाच आवडतो. मलाही आवडतो. पण तो वासराचे पोट भरून उरल्यावरचा असावा.

आता मूळ हिशेबाकडे येऊ. म्हैस व्याली, दूध सुरू झाले, घरात आनंद झाला. खरी परीक्षा तिथून दोनतीन महिन्यांनी असते. तेवढ्या काळात ती पुन्हा माजावर यायला हवी आणि फळायला हवी. गाय माजावर आली की सगळ्या गल्लीला कळते. म्हशीचा माज मुका असतो. ती फारशी ओरडत नाही, दुसऱ्या जनावरावर उडत नाही. रात्री किंवा पहाटे थोडी अस्वस्थ होते, वारंवार लघवी करते, काचेसारखा चिकट सोट टाकते, एखाद्या वेळी दूध चोरते. हे दिसते कुणाला? पहाटे तिच्याजवळ बसणारीला. ही चिन्हे सकाळी दिसली तर संध्याकाळी, आणि संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या सकाळी रेतन करून घ्यावे. चुकले तर एकवीस दिवस थांबा.

आणि हिवाळा संपेपर्यंत चुकतच राहिले तर? फाल्गुनापासून ऊन वाढते, म्हशीचा माज मंदावतो. मग ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत फळत नाही. भाद्रपदात व्यालेली म्हैस मार्गशीर्षात गाभण राहिली तर दुसऱ्या वर्षी आश्विनात विते. दोन वेतांत तेरा महिने. ती संधी गेली आणि पुढच्या भाद्रपदात गाभण राहिली, तर दोन वेतांत बावीस महिने पडतात. आकड्यांत पाहू. समजा, म्हैस वेतात सरासरी पाच लिटरने 270 दिवस दूध देते, म्हणजे 1350 लिटर. तेरा महिन्यांचे दिवस 395. रोजचे पडले साधारण 3.4 लिटर. उशिरा फळलेली थोडे जास्त दिवस देईल, तिचे 1500 लिटर धरा. पण दिवस 669. रोजचे पडले 2.2 लिटर. लिटरला समजा 50 रुपये भाव धरला, तर पहिली रोजचे 171 रुपये देते, दुसरी 112. दुभते आणि भाकड दोन्ही दिवस मिळून खाण्याचा सरासरी खर्च रोजचा 100 रुपये समजा. पहिलीच्या मागे 71 रुपये उरतात, दुसरीच्या मागे 12. म्हैस तीच, ढेप तीच, केंद्राचा भाव तोच. साडेतीन तास खपणाऱ्या बाईच्या हाती रोज बारा रुपये द्यायचे की एकाहत्तर, हे मार्गशीर्षातल्या एखाद्या पहाटे ठरून जाते.

हा हिशेब मी त्या घरी मांडला तेव्हा म्हातारबुवा बराच वेळ बोलले नाहीत. मग मुलाला म्हणाले, "पहाटं तिला सांगत जा, मव्हऱ्या म्हशीची नजर धरत जा म्हणावं." सून म्हणाली, "नजर मी धरीनच. पण डॉक्टरला फोन करायला मोबाईल माझ्यापाशी पाहिजे. तुमची वाट पाहत बसले की येळ जातो." मला वाटते, त्या घरातला त्या वर्षीचा सर्वांत फायद्याचा खर्च तो साधा मोबाईल होता. भिंतीवरच्या कालनिर्णयावर आता ती व्याल्याची, माजाची आणि रेतनाची तारीख पेन्सिलने लिहिते.

जातीविषयी दोन शब्द. मुऱ्हा म्हशीचे कौतुक सगळीकडे आहे आणि दुधाला ती सरस आहे यात शंका नाही. पण ती पाणी, हिरवा चारा आणि सावली मागते. आपली मराठवाडी म्हैस, जिला दुधना थडी असेही म्हणतात, दूध कमी देते. मात्र ऊन आणि निकस वैरण सोसते. या घरच्या दोन्ही म्हशी मिश्र रक्ताच्या आहेत आणि माझ्या मते सहा एकरवाल्याला तेच झेपते. लाल कंधारी गाय तर बैलांसाठीच नावाजलेली. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत तिची गोऱ्ही पाहायला लोक अजून जातात.

पौषमाघात दूध भरपूर, काम थोडके. लग्नसराईत खव्याला मागणी असते. म्हशीच्या पाच लिटर दुधात किलोभर खवा पडतो, पण सरपण आणि हात भाजणे धरले तर दूध घालणेच सोपे.

चैत्रवैशाखात आणखी एक पीक निघते, शेणखताचे. आपल्या जिल्ह्यात हळद वाढली आहे. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हळदीला लागवडीआधी शेणखत भरपूर लागते, आणि म्हणून उकिरड्याला गिऱ्हाईक आले आहे. पण उघड्यावर उन्हापावसात पडलेल्या खतातला कस उडून जातो. खड्ड्यात थर देऊन, ओल राखून, वर माती लिंपून कुजवलेले खत वजनाला कमी वाटले तरी रानाला दुप्पट लागू पडते. या घरी दरसाल दोन ट्रॉल्या खत स्वतःच्या रानात जाते आणि एक विकले जाते. त्या एका ट्रॉलीचे पैसे कोणत्या खात्यात जातात असे मी विचारले. म्हातारी हसली आणि म्हणाली, "माझ्या." ती वहीत नव्हती, मी लिहून घेतली.

गुरुजींसाठी थोडे. गणिताच्या पुस्तकात टाकीत पाणी भरणारे नळ असतात. आपल्या मुलांच्या घरी म्हशी आहेत. म्हशीचे वजन काट्याशिवाय काढता येते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर टेपने इंचांत मोजा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी इंचांत मोजा. घेराला घेराने गुणा, लांबीने गुणा, आणि 660 ने भागा. उत्तर किलोत येते. घेर 72 आणि लांबी 55 असेल तर 432 किलो. जंताच्या औषधाची मात्रा आणि आंबोण या वजनावर ठरतात, त्यामुळे हे उदाहरण सोडवून मुलगा घरी गेला की बाप ऐकतो. दुधाच्या पावत्यांवरून सरासरी काढता येते, फॅटवरून दशांश शिकवता येतो. मात्र एक विनंती. सोयाबीनच्या काढणीत आणि उन्हाळ्याच्या तोंडाला हजेरीपटावर कोणाच्या नावापुढे खाडे पडतात ते पाहा. आई रानात गेली की पाणी, शेण आणि रेडकू मुलीवर येते. गोठ्याची वही लिहायला लावली तर हे खाडे कशाचे आहेत ते तिच्या बापालाही कागदावर दिसेल.

ज्येष्ठ लागला की या घरचे म्हातारबुवा रोज सकाळी गंजीभोवती एक फेरी मारतात आणि उरलेल्या पेंढ्या मोजतात. सात तोंडांना रोज किती लागतात ते त्यांना पाठ आहे. मागच्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा त्यांनी बोटांवर हिशेब करून सांगितले, आर्द्रा लागेपर्यंत पुरतील, त्याच्या पुढे मात्र हिरवे निघाले पाहिजे. मुलगा गोठ्याची पत्रे दोरीने आवळत होता, सून कानाला मोबाईल लावून घटसर्पाची लस कधी येणार ते विचारत होती, आणि गाभण म्हैस लिंबाखाली रवंथ करीत बसली होती.